रानउंदरांची जादा गुणसूत्रं: प्रकल्प नोंदी

१२ जून २०२४

एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या दोघांचा प्रकल्प ठरला. विषय त्यांनीच आणला: रानटी उंदरांतली बी गुणसूत्रं, म्हणजे नेहमीच्या संचाबाहेरची जादा गुणसूत्रं, एका पिढीतून दुसरीत कशी उतरतात. उंदीर पकडायचे, पैदास करायची, असा त्यांचा बेत होता. तो मी पहिल्याच बैठकीत मोडला. जिवंत प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी लागते, वेगळी प्राणिशाळा लागते, आणि पावसाळ्यात रानटी उंदीर हाताळायचे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची टांगती तलवार. शिवाय वारशाचा प्रश्न एका सत्रात पकडलेल्या उंदरांतून सुटत नाही. का सुटत नाही, ते दाखवणं हाच प्रकल्प करायचं ठरलं. साधनं: कागद, पायथन, आणि आजवर छापून आलेलं.

दोघांकडून आधी व्याख्या लिहून घेतली, कारण डाउन सिंड्रोमशी गल्लत हमखास होते. तिथे २१ क्रमांकाच्या नेहमीच्याच गुणसूत्राची तिसरी प्रत असते आणि तिचे परिणाम मोठे असतात. बी गुणसूत्र हे नेहमीच्या संचातल्या (त्याला ए संच म्हणतात) कुणाचीच सरळ प्रत नसतं. ते असलं तरी प्राणी जगतो, नसलं तरी जगतो. एकाच रानातल्या एका उंदरात असतं, शेजारच्यात नसतं. १९०७ मध्ये विल्सनला एका ढेकूणवर्गीय कीटकात अशी जादा गुणसूत्रं दिसली. ‘बी’ हे नाव रँडॉल्फने १९२८ मध्ये मक्यावर काम करताना दिलं. सस्तन प्राण्यांत ती १९६५ पासून माहीत आहेत. २०१८ च्या आढाव्यात सस्तनांच्या ८५ जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य कृंतक, म्हणजे उंदीरवर्गातल्या.

१९ जून

वाचन. तीन उंदीर निवडले.

पहिला युरोपातला पिवळ्या गळ्याचा उंदीर, अपोडेमस फ्लॅविकॉलिस. ए संच ४८ चा, वर बहुतेकदा ० ते ३ बी. बेलग्रेडच्या वुयोशेविच आणि ब्लागोयेविच यांच्या गटाने यावर कित्येक दशकं काम केलं आहे. याची बी दिसायला ए संचातल्या सर्वांत लहान गुणसूत्रांसारखीच, त्यामुळे नुसती रंगवलेली स्लाइड बघून ‘हे बी’ असं बोट ठेवता येत नाही. मोजायचं आणि ४८ वजा करायचे.

दुसरा त्याचाच पूर्वेकडचा भाऊबंद, अपोडेमस पेनिन्सुली. अल्ताईपासून कोरिया आणि जपानच्या होक्काइदोपर्यंत पसरलेला. ए संच तोच ४८, पण बी कधी एक, कधी दहा, काही प्राण्यांत २० च्याही पुढे. आकारही वेगवेगळे: काही मोठी, काही ठिपक्याएवढी.

तिसरा आपल्या माळ्यावरचा काळा उंदीर, रॅटस रॅटस. हा घ्यायचाच, असा माझा आग्रह होता. वाराणसीत रमण आणि शर्मा यांनी १९७४ मध्ये याच उंदराच्या जादा गुणसूत्रांचं पट्टे-रंजन (पट्टे उठून दिसतील असं रंगवणं) आणि अर्धसूत्री विभाजनातलं (अंडपेशी आणि शुक्राणू घडवणाऱ्या विभाजनातलं) वागणं छापलं. त्याआधी एक वर्ष लखोटिया आणि सहकाऱ्यांनी नैऋत्य भारतात ३८ आणि ४२ गुणसूत्रांचे काळे उंदीर एकत्र नांदताना दाखवले होते. हा ३८-४२ चा फरक बी मुळे नाही. तो ए गुणसूत्रं दोन-दोन एकमेकांना जुळून गेल्यामुळे आहे. म्हणजे आपल्याकडे ‘या उंदरात ३९ निघाली’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही; आधी तो कुठल्या संचाचा ते बघावं लागतं. जपानमध्ये मिशिमाच्या योसिदांनी काळ्या उंदरांचे प्रयोगशाळेत संकर करून बी चा माग काढला होता. हे सगळं काम पन्नास वर्षांपूर्वीचं. आज आपल्या विद्यापीठांत काळ्या उंदराचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजणी आणि मांडणी) कुणी करत असेल तर मला भेटायला आवडेल.

१ जुलै

पहिलं प्रारूप. कागदावरच.

ए गुणसूत्राला जोडीदार असतो. अर्धसूत्री विभाजनात दोघं शेजारी येतात, मग विरुद्ध टोकांना जातात, म्हणून प्रत्येक युग्मकात (अंडपेशीत किंवा शुक्राणूत) एक हे पक्कं. एकट्या बी ला जोडीदार नाही. ते कुठल्या तरी टोकाला जातं, किंवा मध्येच रेंगाळून हरवतं. विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, एसटीत आरक्षण नसलेल्या माणसासारखं.’ ठीक आहे, चालेल.

एका बी ची युग्मकात जायची शक्यता आईकडून किती आणि बापाकडून किती, हे दोन आकडे वेगळे ठेवले. ‘आईचा दर’ आणि ‘बापाचा दर’ असं लिहू. पुढच्या पिढीतली उंदरामागची बी ची सरासरी म्हणजे या पिढीतली सरासरी गुणिले या दोन दरांची बेरीज. बस, एवढंच. बेरीज १ असेल तर बी आहे तिथेच राहतं. १ पेक्षा कमी असेल तर ओसरतं, जास्त असेल तर वाढतं.

गंमत ही की मेंडेलच्या हिशेबाप्रमाणे दोन्ही दर ०.५ असले तर बेरीज बरोबर १. काही फायदा नाही, तोटा नाही, तरी बी पिढ्यानपिढ्या टिकतं. ‘उपयोग नसता तर नष्ट झालं असतं’ हे विधान दोघांच्याही पहिल्या मसुद्यात होतं. ते वाक्य काढायला लावलं. आणि विभाजनात रेंगाळून हरवण्यामुळे बापाचा दर ०.४ झाला, तर आईचा ०.६ हवा. एका बाजूची गळती दुसऱ्या बाजूने भरून निघाली पाहिजे, नाहीतर बी संपलं.

३ जुलै

संगणकावर हेच चालवलं. मोठ्या वस्तीत रेष सपाट, ५० उंदरांच्या वस्तीत रेष भरकटते आणि अधूनमधून शून्याला जाऊन चिकटते. अपेक्षित. पुढे.

१६ जुलै

दोन बी असलेल्या उंदराचं काय? ती एकमेकांना जोडीदार मानतात की दोघं स्वतंत्र वागतात? सरासरीला फरक पडत नाही. दोन्ही प्रकारे युग्मकात सरासरी एकच जातं. फरक पडतो तो वाटणीत.

स्वतंत्र वागत असतील तर वस्तीतलं वितरण प्वासाँचं होतं, म्हणजे विरळ गोष्टी निव्वळ योगायोगाने विखुरल्यावर दिसतं तसं. सरासरी ०.४ धरली की १०० उंदरांत साधारण ६७ बिनबीचे, २७ एक-बीचे, ५ दोन-बीचे आणि एखादा तीनचा.

जोडी लावत असतील तर प्रत्येक युग्मकात जास्तीत जास्त एक बी. हार्डी-वाइनबर्गचं जुनं समीकरण, ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन पर्यायांचं: ६४, ३२, ४. आणि तीनचा उंदीर एकही नाही. जन्मालाच येऊ शकत नाही, कारण आईकडून एक आणि बापाकडून एक, यापुढे गाडी जात नाही.

६७-२७-५-१ आणि ६४-३२-४-०. जंगलातून १०० उंदीर पकडून आणले, प्रत्येकाच्या अस्थिमज्जेवर गुणसूत्रं दिसण्यासाठी कॉल्चिसिन, पोटॅशियम क्लोराइड, फिक्सेटिव्ह, जिएम्सा असं सगळं केलं, तरी या दोन ओळींतला फरक नमुन्याच्या नशिबातच बुडून जाईल. निर्णायक ठरतो तो शंभरातला एक, तीन-बीचा. पिवळ्या गळ्याच्या उंदरांत असे प्राणी मिळालेले आहेत, म्हणजे तिथे निदान कधीतरी तरी जोडी तुटते, किंवा दोन्ही बी एकाच बाजूला जातात. शोधनिबंधातल्या तक्त्यांत हा रकाना आपण ‘इतर’ म्हणून सोडून देतो. विद्यार्थ्याला आता सगळे जुने तक्ते फक्त त्या शेवटच्या रकान्यासाठी पुन्हा बघायचेत.

२४ जुलै

आता पक्षपात. आईचा दर ०.५ पेक्षा जास्त कसा होईल?

नराच्या अर्धसूत्री विभाजनातून चार शुक्राणू तयार होतात, चारही कामाचे. मादीच्या विभाजनातून अंडपेशी एकच. बाकीचं ध्रुवपिंडांत जातं आणि ध्रुवपिंडं वाया जातात. म्हणजे मादीत ‘कुठल्या बाजूला जायचं’ या प्रश्नाला जीवन-मरणाचं मोल आहे. जे गुणसूत्र अंड्याच्या बाजूला सरकायला शिकलं, ते जिंकलं. उंदराच्या अंडपेशीत तर्कूच्या (गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या चौकटीच्या) दोन बाजू सारख्या नसतात हे २०१७ मध्ये अकेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: पेशीच्या काठाकडच्या बाजूच्या सूक्ष्मनलिकांवर वेगळी रासायनिक खूण असते, आणि जोरकस सेंट्रोमियर (गुणसूत्राचा नलिकांना धरणारा भाग) त्या बाजूची पकड सोडून अंड्याच्या बाजूला वळतात. ते काम बी वर नव्हतं, साध्या घरउंदराच्या सेंट्रोमियरांवर होतं. पण बी ला लागणारा दरवाजा कृंतकांच्या अंडपेशीत उघडा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

आकडे: आईचा दर ०.६, बापाचा ०.५. बेरीज १.१. दर १०० उंदरांमागे एक बी असलेली वस्ती २४ पिढ्यांत दर १०० मागे १० वर जाते, आणखी २४ पिढ्यांत उंदरामागे एक. वर्षाला दोन पिढ्या धरल्या तर पाव शतक. एवढ्या वेगाने सगळे उंदीर बी ने खचाखच भरायला हवे होते. भरलेले नाहीत. तेव्हा कुठेतरी किंमत मोजली जात असणार. हिशेब करून पाहिलं: बी असलेल्या उंदराची पिल्लं संख्येने ९ टक्के कमी निपजली की १.१ ची वाढ बरोबर खाऊन टाकली जाते.

विद्यार्थिनीने इथे चांगला मुद्दा काढला. प्रत्येक बी ची किंमत सारखीच असेल तर हा समतोल सुईच्या टोकावरचा आहे, ८.९ टक्के असेल तर बी वाढतच जाणार, ९.३ असेल तर संपणार. खरा, टिकाऊ समतोल हवा असेल तर दुसरं बी पहिल्यापेक्षा महाग आणि तिसरं त्याहून महाग पडलं पाहिजे. तिने तसा कोड बदलला आणि रेष मधल्या एका आकड्यावर येऊन शांत झाली. हा बदल अहवालात तिच्या नावावर जाईल.

बी हे परजीवीच आहे ही कल्पना स्वीडनच्या ओस्टरग्रेनने १९४५ मध्ये मांडली, वनस्पतींच्या संदर्भात. कृंतकांत तिला प्रजननाच्या आकड्यांवरून आधार मिळाला तो ऑस्ट्रेलियातल्या रानउंदरात, रॅटस फ्युसिपेसमध्ये, १९८४ साली. त्या निबंधाच्या शीर्षकातच परजीवी प्रारूपाला पाठिंबा असल्याचं म्हटलं आहे. तोही आपल्या काळ्या उंदराच्याच रॅटस गटातला.

८ ऑगस्ट

नव्याने तयार झालेलं एकच बी. एका उंदरात, एका रात्री. त्याचं भवितव्य काय?

बेरीज १ असताना पहिल्याच पिढीत ते नाहीसं व्हायची शक्यता ३७ टक्के. पाच पिढ्यांत ७३, दहा पिढ्यांत ८४. हे अपेक्षितच होतं. पण बेरीज १.१ असतानाही, म्हणजे पक्षपात त्याच्या बाजूने असतानाही, ८२ टक्के वेळा ते शेवटी नष्टच होतं. सुरुवातीला जो मरतो तो नशिबाने मरतो. पक्षपाताचा जोर पुरेशा प्रती झाल्यावरच लागू होतो. म्हणजे आज जी बी आपल्याला रानात दिसतात त्यांच्यामागे न टिकलेल्यांची मोठी रांग आहे. आपण फक्त वाचलेली मोजतो.

यावरून पुढचा प्रश्न मुलांनीच विचारला: मग बी तयार तरी किती वेळा होत असतील, आणि कशापासून? काळ्या उंदराच्या बी वर रायबोसोमी जनुकांच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या जनुकांच्या) प्रती सर्वत्र विखुरलेल्या पण निष्क्रिय असल्याचं ग्रॅनाडाच्या गटाने २००० मध्ये दाखवलं आहे. अपोडेमसच्या दोन्ही जातींच्या बी वर ए संचातून आलेले तुकडे आहेत. तपशिलात आत्ता जाणार नाही, प्रकल्प फाटेल.

२० ऑगस्ट

प्रकल्पाचा गाभा आज सापडला असं मला वाटतं.

रानातली वारंवारता सांगते की बी किती आहेत. ती कशी आली हे ती सांगत नाही. ‘दोन्ही दर ०.५, किंमत शून्य’ आणि ‘आईचा दर ०.६, किंमत ९ टक्के’ या दोन वस्त्या बाहेरून सारख्याच दिसतील. मोजणी कितीही वाढवली तरी सारख्याच. फरक दिसायचा तर आई आणि तिची पिल्लं एकत्र मोजायला हवीत. रानात याचा मार्ग एकच: गाभण माद्या. मादीचा कॅरिओटाइप अस्थिमज्जेतून, भ्रूणांचा त्यांच्या ऊतींतून.

बाप माहीत नसतो, ही अडचण. पण ती वाटते तेवढी मोठी नाही. आडव्या अक्षावर आईची बी, उभ्या अक्षावर तिच्या भ्रूणांची सरासरी. बापांनी दिलेला वाटा सगळ्या माद्यांना सरासरीने सारखाच मिळतो, तो रेषेची उंची वाढवतो. रेषेचा चढ मात्र फक्त आईच्या दराएवढा असतो. एका वेतात दोन-तीन बाप असले तरी चढ बदलत नाही. अट एकच: माद्या जोडीदार निवडताना त्याची बी बघत नसाव्यात. चढ कळला, वस्तीतली नरांची सरासरी कळली, की रेषेच्या उंचीवरून बापाचा दरही काढता येतो. मला हे फार आवडलं. बापाचं नाव न विचारता त्याचा हिस्सा कळतो.

मग किती माद्या? इथे हवा गेली. अगदी सोयीची परिस्थिती धरली, बाप बिनबीचा असल्याचं पक्कं माहीत, आई एक-बीची. ०.६ आणि ०.५ यांतला फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर सुमारे १९५ भ्रूण लागतात. वेतामागे सहा धरले तर तेहतीस गाभण माद्या, त्याही सगळ्या एक-बीच्या. फरक ०.५५ आणि ०.५ यांतला असेल तर भ्रूण सुमारे ७८०. आणि रानात बाप अज्ञात असताना भ्रूणांतला विखुरलेपणा जवळजवळ दुप्पट होतो, वर एका बापाची भावंडं एकमेकांसारखी असल्याने ती स्वतंत्र नमुने धरता येत नाहीत. म्हणजे याहूनही बरेच.

एवढ्या गाभण माद्या मारायच्या का, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे, पण अहवालात लिहायचा. ०.५५ चा पक्षपात उत्क्रांतीच्या दृष्टीने जबरदस्त आहे आणि प्रयोगाच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य. ‘पक्षपात आढळला नाही’ असं वाचलं की यापुढे पहिली नजर भ्रूणांच्या संख्येवर टाकायची.

२ सप्टेंबर

पेनिन्सुलीवर हे सगळं लावायचा प्रयत्न. नीट लागत नाही, आणि कारण महत्त्वाचं आहे. या उंदरात एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या पेशींत बी ची संख्या वेगवेगळी असू शकते. समसूत्री विभाजनातही (शरीराच्या साध्या पेशींच्या विभाजनातही) ती नीट वाटली जात नाहीत. मग अस्थिमज्जेत सात दिसली म्हणून अंडाशयात सातच असतील हे कशावरून? आडव्या अक्षावर काय मांडायचं तेच ठरत नाही. इथे वारसा मोजायचा तर जननपेशीच तपासायला हव्यात.

साखालिनचं कोडं मात्र हाताशी येण्यासारखं होतं. त्या बेटावर तपासलेल्या पेनिन्सुलींत बी सापडलेली नाहीत. दक्षिणेला होक्काइदोवर आहेत. विद्यार्थ्याचं स्पष्टीकरण: बेटावर मोजकेच उंदीर पोहोचले असतील आणि योगायोगाने ते बिनबीचे असतील. हिशेब करायला लावला. मुख्य भूमीवर सरासरी तीन बी आणि प्वासाँचं वितरण धरलं तर बिनबीचे उंदीर ५ टक्के. संस्थापक दोनच असले तरी दोघंही बिनबीचे असण्याची शक्यता चारशेत एक. सहा असले तर विषय संपला. म्हणजे उंदीर पोहोचले तेव्हा मुख्य भूमीवर बी दुर्मीळ होती, किंवा बेटावर ती नंतर संपली. हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा साखालिन मुख्य भूमीला आणि होक्काइदो साखालिनला जोडलेलं होतं, त्यामुळे ‘मोजके संस्थापक’ हे गृहीतकही डळमळतं. आणि होक्काइदोची बी साखालिनवरून गेली असतील तर मधल्या वाटेवर एकही का उरलं नाही? दोघांना यावर एक परिच्छेद लिहायला सांगितला आहे, उत्तर सापडल्याचा आव न आणता.

१२ सप्टेंबर

पिवळ्या गळ्याचा शेवटचा विचार. सर्बियातल्या गटाला या उंदरात बी ला जादा वाटा मिळवून देणारी यंत्रणा आढळली नाही. तरी बी टिकून आहेत, आणि वस्तीवस्तीत त्यांचं प्रमाण वेगळं आहे. त्यांचं म्हणणं असं की बी असणं काही परिस्थितींत फायद्याचं असावं. चेक प्रजासत्ताकातल्या एका वस्तीवर २००३ मध्ये शरीराच्या वजनाशी बी चा संबंध जोडणारा निबंध आहे, तो याच बाजूचा.

माझं मत थोडं वेगळं आहे, ते इथे नोंदवतो. स्पेनमधल्या एका नाकतोड्यात, युप्रेपोक्नेमिस प्लोरान्समध्ये, कामाचो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की बी आधी पक्षपाताने पसरतं, मग ए संचातली जनुकं तो पक्षपात दाबून टाकतात, आणि त्यानंतर बी निरुपद्रवी होऊन योगायोगाच्या हवाली राहतं, पुढे एखादं नवं रूप येऊन पुन्हा पसरेपर्यंत. आज पक्षपात दिसत नाही याचा अर्थ तो कधीच नव्हता असा होत नाही. आमच्याच ८ ऑगस्टच्या आकड्यांनुसार पक्षपात नसलेलं नवं बी सामान्य होण्याची आशा फारच थोडी. म्हणून मला पिवळ्या गळ्याचीही बी कधीकाळी लबाडीनेच पसरली असावीत असं वाटतं. विद्यार्थिनीला हे पटलेलं नाही. तिच्या मते थोडासा फायदाही गणितात पक्षपातासारखाच दिसतो, १.१ कुठून आला हे समीकरणाला कळत नाही. तिचं बरोबर आहे. दोन्ही मतं अहवालात जातील, तिचं आधी.

२५ सप्टेंबर

अहवालाचा आराखडा झाला. राहिलेलं काम: नमुन्याच्या संख्येचा तक्ता अज्ञात बाप आणि एकापेक्षा जास्त बाप धरून पुन्हा काढणं, तीन-बीच्या प्राण्यांची जुन्या तक्त्यांतून केलेली मोजणी तपासणं, कोडमधली चलांची नावं मराठीत रोमन लिपीतून लिहिली आहेत ती बाहेरच्या परीक्षकाला कळतील अशी करणं.

पुढच्या वर्षाच्या तुकडीसाठी एक प्रस्ताव बाजूला काढून ठेवला. शहरांत मूषक नियंत्रणात काळे उंदीर रोज मारले जातात आणि टाकून दिले जातात. त्यांतल्या ताज्या गाभण माद्या मिळाल्या तर वारशाच्या कामासाठी एकही जादा प्राणी मारावा लागणार नाही. अडचण अशी की मेलेल्या प्राण्यात विभाजित होणाऱ्या पेशी थोड्याच तासांत संपतात, त्यामुळे थेट मज्जेऐवजी ऊतीचं संवर्धन करावं लागेल, आणि विषाने मेलेले उंदीर त्यातून बाद. नीतिसमितीकडे टिपण पाठवायचं आहे. मसुदा विद्यार्थी करेल, जैवसुरक्षेचा भाग मी.